एकाच मताची पेटी

तुम्हीच मला एकटं पाडलंत.

नाव कुणाचंच घेत नाही. एकाचं घेतलं की बाकीचे हात झटकून मोकळे होतील, आणि तुम्ही तर पुष्कळजण होतात. कायद्याचा कागद लिहिणारे होतात, त्यावर सही ठोकणारे होतात, काहीच नसण्यापेक्षा एवढं बरं म्हणून गप्प बसणारे होतात. सगळ्यांनी मिळून माझ्या कपाळावर एक अक्षर रंगवलंत आणि मला वेगळी बसवलीत.

मी मतांची पेटी बोलतेय. सागवानी आहे. हातभर लांब, वीतभर उंच, डोक्यावर एक फट आणि फटीला पितळी पट्टी. कडीला लाखेची मोहोर लावायचे, तिचा तांबडा डाग अजून आहे. कपाळावर पांढऱ्या रंगात ‘मु’ लिहिलेलं होतं. ते आता खरवडलंय, पण उन्हाची तिरीप पडली की लाकडावर दिसतं.

पेटीला काय कळतं, असं म्हणू नका. पूर्वी माझ्याकडे आलेला प्रत्येक माणूस आधी पागोटं सारखं करायचा, मग चिठ्ठी फटीत सोडायचा, आणि मग वाकून आत डोकावायचा. खरंच पडली का? कुठं अडकली तर नाही? एवढी काळजी माणूस देवापुढं दिवा लावतानासुद्धा करत नाही. ज्याच्याकडे लोक अशा डोळ्यांनी बघतात, त्याला काहीच कळत नसेल का?

माझा जन्म घोडनदीचा. सरकारी कागदात त्या गावाचं नाव शिरूर आहे, पण तालुक्याची माणसं घोडनदीच म्हणतात. कचेरीच्या मागं सावळाराम मिस्त्रीचं दुकान होतं. कचेरीतला कारकून सांगायला आला, की कौन्सिलच्या मतदानासाठी पेट्या पाहिजेत, दोन.

“दोन कशाला? एकच मोठी करतो की,” सावळाराम म्हणाला.

“एक बाकी सगळ्यांची, एक मुसलमानांची.”

“का? एका पेटीत टाकल्या तर चिठ्ठ्या भांडत्यात व्हय?”

कारकून हसला नाही. “सरकारी हुकूम हाय मिस्त्री. तुमी रंधा मारा.”

सावळारामनं रंधा मारला. मोठी पेटी आधी झाली. तिच्यातून उरलेल्या फळ्यांची मी. एकाच झाडाच्या आम्ही दोघी, पण तिच्या कपाळावर काही लिहिलं नाही आणि माझ्या लिहिलं. पाटीवरचं अक्षर पुसता येतं. कपाळावरचं घेऊन मी पंचवीस-तीस वर्षं हिंडले.

कौन्सिल म्हणजे काय, ते आता सांगितलं पाहिजे, कारण तुम्ही ते फार लवकर विसरलात. मुंबईला कायदे कौन्सिल नावाची सभा होती. तिथं लोकांनी निवडलेले प्रतिनिधी बसायचे. कोणते लोक? ज्यांच्या जमिनीचा सारा सरकारनं ठरवलेल्या आकड्याच्या वर जाईल, ते. म्हणजे गावातले चार-दोन घरधनी. कुळं नाहीत, मजूर नाहीत, बाया तर नावाला. बरं, निवडून गेलेल्यांच्या हाती काय? शाळा, दवाखाने, असली खाती. तिजोरी आणि पोलीस साहेबाच्या हातात. सभेनं एखादी गोष्ट नको म्हटली, तरी गव्हर्नरसाहेबाला ती करता यायची. आणि त्या मूठभर मतदारांचेही पुन्हा वाटे पाडलेले, हे इकडचे, ते तिकडचे.

माझा संताप होतो. तरी खोटं कशाला सांगू, त्या सभेचा मला अभिमानही वाटायचा. सरकारला भर सभेत उभं राहून प्रश्न विचारायचा, आणि सरकारनं उत्तर द्यायचं, हे आमच्या मुलखात कुणी पाहिलं नव्हतं. अर्धी भाकर होती. पण ती देणाऱ्यांनी तीसुद्धा दोन ताटांत मोडून दिली, याचा राग आहे.

एकोणीसशे सव्वीस साली मला बैलगाडीत घालून मांडवगणच्या चावडीत नेलं. मोठ्या पेटीला दाराजवळची जागा मिळाली. मला कोपऱ्यात एका स्टुलावर ठेवलं. कितीतरी जिल्ह्यांतल्या मुसलमान खातेदारांचा मिळून एकच मतदारसंघ होता, आणि त्यातले आमच्या चावडीवर मत टाकणारे यादीत तिघेच. एक तर यादी छापून येण्याआधीच वारला होता. दुसरा बैल विकायला गेला तो आलाच नाही.

दुपारपर्यंत मी मोठ्या पेटीकडे बघत होते. तिच्यापुढं माणसं होती. कुणी खोकत होतं, कुणी तंबाखू मळत होतं. चिठ्ठीवर चिठ्ठी पडत होती. माझ्या पोटात वारा फिरत होता.

तिसऱ्या प्रहरी इब्राहिम आला. इनामगावच्या खालच्या अंगाला, घोड नदीच्या काठी त्याची जमीन. तिशी-पस्तिशीचा, दणकट, नुकताच धुतलेला सदरा. त्यानं चिठ्ठी घेतली, आडोशाला जाऊन फुली मारली, घडी केली आणि माझ्यात सोडली. सगळ्यांसारखंच वाकून बघितलं. मला वाटलं, आता दुसरा येईल. संध्याकाळी कारकुनानं फटीवर कागद चिकटवून मोहोर लावली. माझ्या पोटात ती एकटी चिठ्ठी आडवी पडलेली होती.

माझं काम मोठं अवघड आहे असं नाही. माणूस येतो, मनातलं टाकतो आणि जातो. त्याच्या चिठ्ठीवर दुसऱ्याची पडते, तिच्यावर तिसऱ्याची. मग कुणाची कुठली ते मलाही सांगता येत नाही, आणि तेच माझं काम. पण एका चिठ्ठीला मी कुणाखाली लपवू? तुम्हीच सांगा. कायदा करणाऱ्यांनी फुली मारायला आडोसा ठेवला होता, वर मोहोर, खाली कुलूप. एका माणसाचं मत एकट्या पेटीत टाकलं तर ते चावडीवर ओरडून सांगितल्यासारखंच आहे, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. की आलं होतं?

पुढं काय झालं ते मला फार वर्षांनी कळलं. त्या निवडणुकीत दोघे उभे होते. एक दौंडकडचे बडे इनामदार, सरकारनं त्यांना खानसाहेब हा किताब दिलेला. दुसरा एक वकील. दुष्काळात तगाईचं सरकारी कर्ज मागणाऱ्यांना कचेरीत कसं ताटकळत ठेवतात, ते मी कौन्सिलात विचारीन, असं तो म्हणायचा. पेटी उघडली तेव्हा एकच चिठ्ठी निघाली आणि तिच्यावर वकिलाच्या नावापुढं फुली.

खानसाहेब निवडून आले. निवडून आलेल्या माणसानं एका चिठ्ठीचा राग धरावा का? पण हरलेला माणूस विसरतो, जिंकलेल्याला मात्र ते एकच मत टोचत राहतं. इब्राहिमची धाकटी बहीण मुमताज, तिची सोयरीक खानसाहेबांच्या नात्यात ठरली होती. ती मोडली. कारण कुणी सांगितलं नाही. नंतर दौंडपासून नगरपर्यंत कुणी तिला मागणी घातली नाही. जिथं विषय निघे, तिथं कुणीतरी हळूच म्हणायचं, खानसाहेबांनी मोडलेलं घर आहे ते.

मी तेव्हा घोडनदीच्या कचेरीत, अडगळीच्या खोलीत. निवडणूक आली की बाहेर काढायचे, झाली की आत. पुढं कौन्सिल गेलं, असेंब्ली आली. मतदार वाढले, पण मी वेगळी ती वेगळीच राहिले. शेवटच्या वेळी तर माझ्याभोवती जी माणसं जमली, ती भीतीनं किंवा रागानं जमली होती. चिठ्ठी टाकून वाकून बघणारं कुणी नव्हतं. मग देश स्वतंत्र झाला, फाळणी झाली, आणि कुणीतरी खोलीचं दार ओढून घेतलं. मोठी पेटी पावसाच्या गळतीखाली होती. तिचा तळ कुजला, आणि शिपायांनी एका हिवाळ्यात ती शेकायला नेली. आमचं कधी बोलणं झालं नव्हतं, दोघींच्या जागा वेगळ्या. पण ती गेल्यावर त्या खोलीत माझ्याच झाडाचं असं काही उरलं नाही.

एक दिवस अडगळीचा लिलाव काढला. मोडक्या खुर्च्या, फुटके कंदील आणि मी. शिपायानं मला उचलून दाखवलं, तशी माणसं हसली.

“कोंबड्या डालायला बरी हाय!”

“छोटी हाय गड्या. अंडी ठिव.”

मागून एक म्हातारा पुढं आला. दाढी पांढरी, पाठीत थोडा बाक. त्यानं माझ्या कपाळावरच्या अक्षरावर अंगठा फिरवला आणि मी त्याला ओळखलं. दुसरं कुणी बोली वाढवली नाही. इब्राहिमनं मला गाडीत घातलं आणि न्हावऱ्याच्या रस्त्यानं वस्तीवर आणलं.

त्याचं घर शेतातच, विहिरीला लागून. मुमताज पडवीत धान्य निवडत होती. चाळिशी ओलांडलेली, केसांत पांढरं आलेलं. तिनं विचारलं, “ह्ये काय आनलंत भाई?”

“ज्या पेटीनं तुजं लगीन मोडलं, ती.”

मुमताजनं हातातलं सूप खाली ठेवलं. मला वाटलं, आता चुलीत घालणार. ती जवळ आली, फटीतून आत बघितलं. मग म्हणाली, “आत काय बी न्हाई. ही काय मोडनार?” आणि पुन्हा धान्य निवडायला बसली.

इब्राहिमनं विळीनं ते अक्षर खरवडलं. तेव्हापासून मी पडवीत आहे. मुमताजला माझ्यात कांद्याचं बी ठेवायचं होतं, पण तो ठेवू देत नाही. दुपारी विहिरीवरची मोट थांबली, की तो माझ्याशेजारी बसतो. एका घरात एक बिनलग्नाची बहीण, एक विधुर भाऊ आणि एक रिकामी पेटी. तिघांना एकमेकांची सोबत असेल असं तुम्हाला वाटेल. एकटेपणा असा बेरजेनं कमी होत नाही.

मग बावन्न सालची निवडणूक आली. स्वतंत्र देशाची पहिली. सगळ्यांना मत! सारा भरा, नका भरू. बाई असा, गडी असा. मुसलमानाला वेगळी पेटी नाही. ही बातमी आली तेव्हा मी आनंदानं तडकायची राहिले. इब्राहिमनं ती मुमताजकडून दोनदा ऐकली आणि विचारलं, “समद्यांच्याच पेटीत? नक्की?”

“समद्यांच्याच.”

“मग आपली चिठ्ठी त्यांच्या चिठ्ठ्यांखाली जानार.”

“जानार की.”

त्या दिवसापासून त्याला एकच ध्यास लागला. मरण्याआधी एक मत असं टाकायचं, की ते त्याचं आहे हे कुणालाही कळू नये.

पण आमच्या गावाची रीत तुम्हाला ठाऊक असेलच. एका सकाळी पोपटराव वस्तीवर आला. शिकलेला, कष्टाळू शेतकरी, गावासाठी धावणारा माणूस. विहीर त्याची आणि इब्राहिमची सामाईक, त्यामुळं येणंजाणं रोजचंच. त्याच्यामागं गावातले दोघे-तिघे होते.

“चाचा, चला द्येवळात. गाव जमलंय.”

“कशापायी?”

“मतांचं ठरवायला. समदं गाव एकाच पेटीत टाकनार. नदीवर पूल पायजे का न्हाई तुमाला?”

“पायजे की. पावसाळ्यात दुखनाईत मानूस खाटंवर घालून पान्यातनं न्यावं लागतं, इसरलो व्हय मी?”

“मग झालं तर. समदे बेलभंडारा उचलून शपथ घेनार हायेत. तुमी पिराच्या चादरीवर हात ठिवा.”

“हात न्हाई ठिवनार.”

पोपटराव थबकला. “दुसऱ्याला द्यायचंय?”

“तसं म्हनलो का मी?”

“मग आमच्याच मानसाला द्यायचंय?”

“तसंबी म्हनलो न्हाई.”

मागचे हसले. पोपटरावही हसला. “चाचा, तुमी तर कोर्टातल्या साक्षीदाराच्या वर गेलात.”

इब्राहिम हसला नाही. “पोपटराव, एकदा माजं मत समद्या मुलखानं वाचलं. आता एक मला कुनी न वाचलेलं टाकायचंय. एवढंच हाय.”

“अवो, पर गावापासनं काय लपवायचं? गाव म्हंजी घर.”

“घरातबी मानूस कापडं आडोशाला बदलतो.”

आता पोपटरावचं हसू गेलं. तो वाईट माणूस नाही, हे मी पुन्हा सांगते. पूल त्याला खरोखरच गावासाठी हवा होता. पण ज्याला चांगली गोष्ट सगळ्यांच्या वतीनं करायची असते, त्याला एखाद्यानं नुसतं गप्प राहणंसुद्धा सोसत नाही. तो म्हणाला, “बरं. गाव एका अंगाला आन् तुमी एका अंगाला. मग पान्याच्या वक्ताला गावाची याद काढू नका.”

कांद्याची रोपं नुकतीच लावली होती. वर्षाचं पीक ते. विहिरीवर मोट ओतायचं थारोळं एकच, म्हणून मोटेच्या पाळ्या वाटलेल्या. चार दिवस पोपटरावची मोट, चार दिवस इब्राहिमची. पाळी चुकली तर कांदा उभ्या उभ्या वाळणार.

ती माणसं गेल्यावर मुमताज बाहेर आली. तिनं आतून सगळं ऐकलं होतं.

“हात ठिवला असता तर काय झिजला असता?”

“तुला वाटतं ठिवावा?”

तिनं पदर खोचला. मग म्हणाली, “मागच्या बारीला माजं लगीन गेलं. ह्या बारीला कांदा जाईल. कांदा पुढच्या साली पुन्ना येतो.”

ती पुढं म्हणाली, “एक सांगू भाई? समदी दुनिया म्हनती, तुमी वकिलाला मत दिलं. तुमी मला कवा सांगितलं न्हाई. म्या कवा इचारलं न्हाई. आताबी इचारनार न्हाई.”

इतकी वर्षं ती रागावली असेल असं तो समजत होता. मीही समजत होते. ती त्याचं गुपित राखत होती, जगाला पाठ झालेलं गुपित.

मतदान शेजारच्या गावच्या शाळेत झालं, आमच्या गावाची खोली वेगळी. मी तिथं नव्हते. मला कोण नेणार? आता पोलादी पेट्या आल्यात, एका उमेदवाराची एक, प्रत्येकीवर त्याचं चित्र. तिकडून सगळी माणसं परत आली ती वस्तीवरूनच, म्हणून मला पडवीतच सगळं ऐकायला मिळालं. दगडाबाई तर तासभर बोलत होती. ही आमच्याकडे खुरपायला येते, पलीकडच्या बांधाला तिचं खोपट. बोलायला लागली की खुरपं थांबतं.

“म्या तर भंडारा उचलल्याला. हात अजून पिवळा हाय, बगा,” ती मुमताजला सांगत होती. “आन् ती साळूबाई, पोपटरावाची आई, तिनं तर पेटीला कुकूच लावलं. सायब म्हनला, म्हातारे, द्येव न्हाई त्यो. तर म्हनती, मग एवढा परद्यात कशाला बसवलाय?”

मुमताज हसली. तिला मी पहिल्यांदाच अशी हसताना ऐकलं.

“आन् भाई?”

“भाई लय येळ रांगंत हुबं व्हतं. मागचा म्हनला, चाचा, तुमी म्हातारं मानूस, व्हा म्होरं. तर न्हाई म्हनलं. म्हनलं, मला हितंच ऱ्हाऊ द्या, मधी.”

बाहेर येताना दारात पोपटरावनं विचारलं होतं, “काय चाचा, टाकलं?”

“टाकलं.”

“कुठं?”

“पेटीत.”

इब्राहिम संध्याकाळी घरी आला आणि माझ्यापाशी बसला. त्यानं कुणाला मत दिलं? पुलासाठी पोपटरावच्या माणसाला? की दुसऱ्याला? मला माहीत नाही. मी मतपेटी, त्याच्या शेजारी असून मला माहीत नाही! तुम्हाला हे सांगताना मला किती बरं वाटतंय.

पण पाळी आली तेव्हा पोपटरावची मोट थारोळ्यावरून हलली नाही. त्याच्या गड्यानं सांगितलं, “गहू भिजायचाय अजून. आप्पा म्हनले, तुमचं मागनं बगू.” आप्पा म्हणजे पोपटरावच.

इब्राहिम भांडला नाही. त्यानं घागर घेतली. मुमताजनं दुसरी घेतली. म्हातारा भाऊ आणि पिकल्या केसांची बहीण विहिरीच्या पायऱ्या उतरून पाणी आणत आणि वाफ्यात ओतत. वाफा पीत नव्हता, नुसता ओला होत होता. कडेची रोपं माना टाकायला लागली. रस्त्यानं जाणारे बघायचे आणि पुढं जायचे. मी पडवीत बसून तेच पाहत होते. मला वाटलं, काहीच बदललं नाही. तेव्हा चिठ्ठी बघून माणसाला वाळीत टाकलं, आता चिठ्ठी न बघताच टाकलं.

आणि इथं मला तुमच्याशी बोलायचंय. आता तरी ऐका. मतपेटी पोलादाची केलीत, छान केलंत. पण माणसानं आत टाकलेलं बाहेर ओढायची तुमची खोड जाते का? देवळात शपथ घ्यायला लावता, दारात उभं राहून तोंड न्याहाळता, जातीवरून, आळीवरून हिशेब करता. जो सांगत नाही, तो शत्रू. मग माझ्या वेळी काय वाईट होतं? एका कारकुनानं एक अक्षर रंगवलं होतं, एवढंच ना? मला पुन्हा कामावर घ्या असं मी म्हणत नाही. माझे दिवस गेले, आणि ते गेले हे बरंच झालं. मी इथं पडवीत कुजेन. फक्त दुसऱ्या कुणाच्या कपाळावर अक्षर काढू नका, आणि कुणाला विचारू नका, तू कुठं टाकलंस म्हणून.

आज सकाळचीच गोष्ट सांगते आणि थांबते.

उन्हं नुकती वर आली होती. इब्राहिम आणि मुमताज विहिरीवर होते. पोपटराव काल संध्याकाळी मतमोजणीहून परतला होता, तो रात्रभर न झोपता सकाळी सरळ इकडं आला. धोतराला कालचीच धूळ, डोळे तांबारलेले. त्याच्या पक्षाचा माणूस निवडून आला होता, हे रस्त्यावरच्या ओरड्यावरून आम्हाला कळलंच होतं. पण जिंकल्याचा आनंद त्याच्या चेहऱ्यावर नव्हता. तो थारोळ्यावर टेकला.

“चाचा, आपल्या गावच्या खोलीतल्या पेट्या माझ्या म्होरं उगडल्या.”

“बरं.”

“तुमच्या घरची मतं किती? तुमी आन् मुमताजआपा. समद्या गावानं भंडारा उचलल्याला, तुमी दोगं सोडून. आन् दुसऱ्याच्या पेटीतनं चिठ्ठ्या निघाल्या ओंजळभर. ओंजळभर, चाचा!”

इब्राहिमनं घागर खाली ठेवली. मुमताजनं पदर तोंडाशी धरला. मी पडवीतून त्याच्याकडे बघत होते. एवढ्या वर्षांत मी त्याचा चेहरा असा सैल झालेला पाहिला नव्हता. त्याची चिठ्ठी कुठंही पडलेली असो, इकडं की तिकडं, ती आता गर्दीत होती.

“कुनी टाकल्या असतील?” पोपटराव स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. “वरच्या आळीनं? माळ्यांनी? आमच्या भावकीतलं कोन? काल रातीपास्नं एकेकाचं तोंड आठवतोय. जेवायला बसलो तर आयकडं बगितलं. सोताच्या आयकडं!”

“आन् काय म्हनली साळूबाई?” मुमताजनं विचारलं.

“म्हनली, ग्वाड मानून खा.”

मोटेचे बैल थारोळ्यापाशी उभे होते. पोपटरावनं मोटेच्या दोराला, नाड्याला हात घातला, पण तो सोडवायचा की ओढायचा, हे त्याचं त्यालाच ठरवता येत नव्हतं. “आता मी कुनाला धरू?” तो म्हणाला.

दगडाबाई खोपटातून रोजच्यासारखी पाण्याला आली होती. ती पायरीपाशी थांबली, तिनं सगळं ऐकलं. मग काखेतली घागर दुसऱ्या काखेत घेत ती म्हणाली, “आप्पा, कुनाकुनाचं पानी तोडायचं त्ये तुमी बसून सावकाश ठरवा. मला आधी सांगा, म्या घागर भरू का माघारी जाऊ?”